तब्येत सुधारली

परवाच्या दिवाळीतली गोष्ट. मुलगा, सून आणि नात पुण्याहून आले होते. नात पंधरा वर्षांची, यंदा दहावीला. रिक्षातून उतरून ती दारात येते न येते तोच आमच्या वहिनींनी (माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी, वय वर्षं ब्याऐंशी) तिला जवळ घेतलं आणि कौतुकाने म्हणाल्या, "अगंबाई! तब्येत सुधारली की गं तुझी!"

पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. फराळाच्या ताटलीतली एक चकली तिने उचलली आणि तशीच खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी अभ्यंगस्नानानंतर सगळे फराळाला बसले, तर ही बिनसाखरेची काळी कॉफी घेऊन गच्चीवर. रात्री "भूक नाही". तिसऱ्या दिवशी सुनेने मला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, "आई, मामी तिला जाड का म्हणाल्या?"

मी म्हटलं, अगं, जाड कुठे म्हणाल्या? त्यांनी तर कौतुक केलं!

बोलून गेले आणि मग लक्षात आलं, की आम्ही दोघी एकाच वाक्याबद्दल बोलतोय, आणि दोघींचंही बरोबर आहे. (वहिनी हा ब्लॉग वाचतात, त्यांचा नातू त्यांना अक्षरं मोठी करून देतो. त्यांची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे. "लिही लिही, मलाही कळू दे मी काय चुकले ते," असं म्हणाल्या.)

मी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेतल्या, लढाया आणि तह फळ्यावर लिहिले. पण रोजच्या बोलण्यातला एखादा साधा शब्द आपला अर्थ कधी बदलतो, कुणी बदलायला लावतो, हा इतिहास कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हता. म्हणून आज तो माझा मीच लिहून बघणार आहे. लांबण लागेल, आधीच सांगून ठेवते.

आमच्या लहानपणी 'तब्येत सुधारली' म्हणजे अंगावर मांस धरलं, गाल वर आले. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक सासरी परत जाताना सुधारलेली दिसली नाही तर माहेरची नाचक्की. चांगल्या घरातली मुलगी म्हणजे 'खात्यापित्या घरची'. उलट रोडावली, वाळली, हाडं दिसायला लागली असं कुणी म्हणालं, की आई काळजीत पडायची. त्यामागे कारण होतं. बारीक होण्याचे तेव्हा दोनच अर्थ होते, घरात खायला नाही किंवा क्षय. १९७२ च्या दुष्काळात मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होते. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, तिथे वाटलेली सुकडी पाहिली आहे, रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी घरोघर खाल्ल्या जायच्या. त्या वर्षी 'सडपातळ' या शब्दाचं कुणाला कौतुक असणं शक्य नव्हतं.

आणि समोर चित्रं कोणती? आजोळच्या माजघरात राजा रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती होत्या. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातून निघालेल्या स्वस्त चित्रांनी देशभरातल्या भिंती भरल्या. एकच सुंदर चेहरा हजारो घरांत एकाच वेळी टांगला जाण्याची आपल्याकडची ही सुरुवातच म्हणायची. पण त्या लक्ष्मीचे दंड पाहा. भरलेले, गोल. तिच्याकडे बघून कुठल्या पोरीने ताटावरून अर्धपोटी उठावं असं काही त्यात नव्हतं. (गोऱ्या रंगाचं काय, हा वेगळा विषय. त्या चित्रांनी त्या बाबतीत आपल्याला काय शिकवलं, ते पुन्हा कधीतरी.)

आता मी एकदम फिजीला जाणार आहे, दचकू नका. आपल्याला फिजी माहीत असतं ते गिरमिटियांमुळे. १८७९ ते १९१६ या काळात इंग्रजांनी ऊस लावायला हिंदुस्थानातून माणसं नेली, ते फिजी. पण ही गोष्ट त्या भारतीयांची नाही, तिथल्या मूळच्या फिजियन लोकांची आहे. माझी भाची मानसशास्त्र शिकवते. दिवाळीचा प्रसंग मी तिला फोनवर सांगितला, तर तिने दोन इंग्रजी लेख पाठवून दिले आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या वहिनी फिजीत चालल्या असत्या." माझं शिक्षण सगळं मराठी माध्यमातलं. लेख वाचायला शब्दकोश घेऊन चार दिवस बसले आणि अडलं तिथे भाचीला फोन केले. पण वाचलं ते इतकं ओळखीचं निघालं, की मध्येच पुस्तक मिटून बसावं तशी बसले.

अॅन बेकर नावाच्या हार्वर्डच्या एक बाई आहेत, मानवशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ दोन्ही. १९८० च्या दशकापासून त्या फिजीच्या नाद्रोगा भागात जाऊन राहत होत्या. तिथली रीत काय, तर दारावरून कुणी जात असेल तर आतून हाक मारायची, "माई काना", या जेवायला. धट्टाकट्टा देह हे घरच्यांनी नीट काळजी घेतल्याचं लक्षण. कुणी बारीक झालं तर नातेवाईक अस्वस्थ व्हायचे. एखाद्या मुलीला भूक लागेनाशी झाली तर त्याला 'मधाके' म्हणतात, तो आजारच समजायचा, आणि त्यावर झाडपाल्याचं औषध. वाचताना मला आमची आजी दिसत होती, ओवा-सुंठ घेऊन मागे लागणारी.

अशा या नाद्रोगात १९९५ साली टीव्ही आला. एकच वाहिनी, आणि तीवर बऱ्याचशा परदेशी मालिका, अमेरिकेच्या, इंग्लंडच्या, न्यूझीलंडच्या. टीव्ही येऊन काही आठवडेच झाले होते, तेव्हा बेकरबाईंनी तिथल्या शाळांतल्या ६३ मुलींना एक प्रश्नावली दिली. वय साधारण सतरा. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच भागातल्या त्याच वयाच्या ६५ मुलींना तीच प्रश्नावली दिली. खाण्याशी असलेलं नातं बिघडल्याची खूण १९९५ मध्ये १२.७ टक्के मुलींत दिसली होती. १९९८ मध्ये २९.२ टक्के. वजन कमी व्हावं म्हणून मुद्दाम ओकारी काढणारी १९९५ मध्ये एकही नव्हती. १९९८ मध्ये ११.३ टक्के होत्या. आपण फार मोठ्या किंवा जाड आहोत असं वाटतं, हे ७४ टक्के मुलींनी सांगितलं. ज्या घरात टीव्ही होता त्या घरातल्या मुलींना धोका तिपटीहून जास्त निघाला.

तीन वर्षं! आमच्याकडे आठवीतली मुलगी अकरावीत जाते तेवढ्यात.

आता इतिहासाच्या शिक्षिकेची खोड म्हणून दुसरी बाजूही सांगते. मुली थोड्या होत्या. दोन्ही वेळच्या मुली वेगवेगळ्या होत्या, त्याच त्या नव्हत्या. त्या तीन वर्षांत फिजीत फक्त टीव्हीच आला आणि बाकी सगळं जागच्या जागी राहिलं, असंही कुणी म्हणू शकत नाही. आणि भूक मारण्याचा आजार काही टीव्हीने जन्माला घातलेला नाही. त्याचं 'अॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरांचं, १८७३ सालचं. पॅरिसमध्ये लासेग नावाच्या डॉक्टरांनी त्याच वर्षी असेच रुग्ण नोंदवले होते. तेव्हा कुठला टीव्ही आणि कुठला सिनेमा! तेव्हा 'टीव्ही आला आणि पोरी बिघडल्या' असा सोपा हिशेब कुणी मांडला तर मी त्याला काठावर पास करीन, त्याहून जास्त नाही.

पण मुलाखतींत त्या मुली जे बोलल्या, त्याने मला विचारात पाडलं. मालिकांतल्या बायका त्यांना नुसत्या सुंदर वाटत नव्हत्या. त्या नोकरी करत होत्या, चटपटीत होत्या, त्यांचं कुणी ऐकत होतं. आपणही तसं व्हावं, आणि तसं व्हायचं तर आधी अंग कमी करावं, अशी त्या मुलींनी सांगड घातली होती. म्हणजे हा नट्टापट्टा नव्हता. गावाबाहेर पडण्याची वाट शोधणं होतं ते, आणि वाट दाखवणारं घरात दुसरं कुणी नव्हतं.

आता आपल्याकडे या. १९६६ साली रीटा फारिया 'मिस वर्ल्ड' झाली. मूळच्या गोव्याच्या कुटुंबातली, मुंबईत वाढलेली, ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी शिकणारी मुलगी. हा मान मिळवणारी पहिली भारतीय. मी तेव्हा चौदा वर्षांची, म्हणजे परिणाम व्हायचा तर अगदी त्या वयाची. आमच्यावर काय परिणाम झाला? काही नाही. वर्तमानपत्रात एक काळपट फोटो आला, वडिलांनी वाचून दाखवलं, आई म्हणाली, "डॉक्टर होतेय ना, मग बरं." (झालीही ती डॉक्टर.) मुंबईचं दूरदर्शन सुरू व्हायला अजून सहा वर्षं होती, आणि आमच्या गावात टीव्ही दिसायला त्याहून कितीतरी जास्त.

१९९४ साली पुन्हा तेच मुकुट आले. मे महिन्यात मनिलामध्ये सुश्मिता सेन 'मिस युनिव्हर्स', नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत ऐश्वर्या राय 'मिस वर्ल्ड'. या वेळी मात्र एका फोटोवर भागलं नाही. मधल्या काळात घराघरात केबल आली होती, १९९२ च्या ऑक्टोबरपासून झी होता. मुकुट रोज रात्री घरात यायला लागला. साबणाच्या जाहिरातीत, शाम्पूच्या जाहिरातीत, रविवारच्या पुरवणीत. १९९६ मध्ये 'मिस वर्ल्ड' स्पर्धाच बंगळुरूला भरली, त्यावर मोर्चे निघाले, आमच्या स्टाफरूममध्ये संस्कृती की स्वातंत्र्य यावर दोन तट पडले. मी संस्कृतीच्या तटात होते. पोहण्याच्या पोशाखावरून मी केवढी तावातावाने बोलले, ते आठवलं की आता हसू येतं. मुली त्या पोशाखाकडे बघतच नव्हत्या. त्या कमरेकडे बघत होत्या.

इथून पुढचं लिहायला मी तीन दिवस लावलेत.

१९९७ साली माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगी होती. नाव देत नाही. हुशार, नीटनेटकी, स्नेहसंमेलनात नाच बसवणारी. तिच्या कंपासपेटीच्या झाकणात आतल्या बाजूने पुरवणीतून कापलेलं एक मुकुटधारी चित्र चिकटवलेलं होतं. भूमितीच्या तासाला मी बदलीवर गेले होते तेव्हा ते मला दिसलं. "काय गं, हिच्यासारखं व्हायचंय का?" असं मी हसत विचारलं. वर्ग हसला, तीही हसली.

श्रावणात तिने सोमवार धरले. मग शनिवार. श्रावण संपला तरी उपास संपले नाहीत. गुरुवार आला, चतुर्थी आली, एकादशी आली. उपासाची खिचडीही ती खात नसे, डबा शेजारच्या बाकावर सरकवायची. आणि मी काय केलं? एके दिवशी मधल्या सुट्टीत सगळा वर्ग वडापावच्या गाडीकडे धावला तेव्हा तिला उभं करून म्हणाले, "बघा, शिका हिच्याकडून. संयम म्हणजे काय ते!" जिभेवर ताबा, मनावर ताबा, असं काहीतरी पाच मिनिटं बोलले. शिक्षकांना अशी पाच मिनिटं फार आवडतात.

दिवाळीनंतर ती भर दुपारी स्वेटर घालून बसायला लागली. बाईंना म्हणजे मला वाटलं, फॅशन. वेणी पातळ झाली, मला वाटलं, अभ्यासाचा ताण. त्याच बाकावरच्या आणखी दोघींनी डबा आणणं बंद केलं, मला वाटलं, मैत्री. मार्चमध्ये प्रार्थनेच्या रांगेत ती कोसळली. आई धावत आली, म्हणाली, "ऊन लागलं असेल हो." कार्यालयात पाणी पिताना तिनेच मग हळूच सांगितलं, की चार महिने मुलीची पाळीही आलेली नाही. गावातल्या डॉक्टरांनी लोहाचं टॉनिक दिलं. 'अॅनोरेक्सिया' हा शब्द आमच्यापैकी कुणाच्याही तोंडात नव्हता. तिची नववी कशीबशी पार पडली, दहावीचं एक वर्ष गेलं. पुढे मामाने तिला मुंबईला नेलं, तिथे उपचार झाले, हे मला बऱ्याच वर्षांनी समजलं.

फिजीतल्या मुलींनी दुसरी प्रश्नावली भरली ते साल १९९८. माझ्या वर्गातली मुलगी रांगेत कोसळली तेही १९९८. लेखातलं ते साल पेन्सिलीने गोल करून मी बराच वेळ बघत बसले होते.

त्या चित्रामुळेच सगळं झालं असं मी म्हणणार नाही. पोरीच्या मनात आणखी काय चाललं होतं ते मी तेव्हा विचारलं नाही, आता कुठल्या तोंडाने सांगू? पण एक गोष्ट फिजीत नव्हती आणि आमच्याकडे होती. फिजीत न खाणाऱ्या मुलीला घरचे आजारी समजत, मागे लागत. आमच्याकडे न खाणाऱ्या मुलीला पुण्य मिळत होतं. वरून आलेली नवी ओढ आणि घरातली जुनी रीत अशी एकात एक बसली, की कुणाला फट दिसू नये. उपासाला माझा विरोध नाही, एकादशी मी आजही करते. पण पंधरा वर्षांची मुलगी आठवड्यातून चार दिवस उपाशी असेल तर ती देवाला काय मागते आहे, हे बाईंनी विचारायला हवं होतं.

भाचीने पाठवलेला दुसरा लेख २०११ चा आहे, बेकरबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांचाच. या वेळी त्यांनी फिजीतल्या ५२३ शाळकरी मुली तपासल्या. त्यात निघालं असं, की मुलीच्या स्वतःच्या घरी टीव्ही आहे की नाही यापेक्षा तिच्या मैत्रिणी काय बघतात याचा संबंध जास्त. घरात काही नसलं तरी वर्गातून ते येतंच. मला लगेच तो बाक आठवला, आणि डबा बंद केलेल्या त्या दोघी. त्यांच्यातल्या एकीच्या घरी तर टीव्हीच नव्हता.

मग आजच्या मोबाइलबद्दल वेगळं काय लिहू! तेव्हा चित्रातली बाई निदान परकी होती, मुकुट घातलेली. आता नातीच्या फोनवर तिच्याच वर्गातल्या मुली असतात, फोटोत कंबर बारीक आणि त्वचा तुकतुकीत करून घेतलेल्या. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगेन या बाईंनी फेसबुक कंपनीची आतली कागदपत्रं बाहेर काढली, त्यात कंपनीचीच पाहणी होती. आधीच स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं, असं ३२ टक्के मुलींनी त्यांना सांगितलं होतं. म्हणजे कंपनीला ठाऊक होतं. मुलगेही सुटलेले नाहीत. वहिनींचा हाच नातू, मोबाइलवर अक्षरं मोठी करून देणारा, सकाळी भाकरी बाजूला सारून डब्यातली पावडर दुधात ढवळून पितो आणि आरशासमोर दंड फुगवून बघतो. त्याला कुणी काही म्हणत नाही. मुलगा आहे ना.

असो. त्या विद्यार्थिनीची आणि माझी भेट झाली २०१६ साली, एका लग्नात. तिनेच ओळख दिली, वाकून नमस्कार केला. बरी दिसत होती. पाच वर्षांची मुलगी हाताशी होती, जिलबीने तोंड माखलेली. जेवणाच्या पंगतीत आम्ही शेजारी बसलो. इकडचं तिकडचं झालं. मग ती सहज म्हणाली, "बाई, तुम्ही तेव्हा वर्गात माझं कौतुक केलं होतं, आठवतं? त्या दिवशी मी ठरवलं होतं की आज जेवायचं. भूक फार लागली होती. पण तुम्ही बोललात आणि मग नाहीच जेवले."

रागाने नाही म्हणाली. जुनी गंमत सांगावी तशी म्हणाली. मी ताटातलं श्रीखंड बोटाने सारखं करत राहिले.

हे सगळं मी नातीला सांगितलं. दिवाळीत नाही, तेव्हा माझंच नीट जुळलं नव्हतं. संक्रांतीला ती आली तेव्हा, गच्चीवर, दोघीच असताना. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "ती आता जेवते?" म्हटलं, माझ्यासमोर तरी जेवली, दोनदा वाढून घेतलं. मग मी तिला विचारलं, तुला कुणी काय म्हटलेलं चालेल? तब्येत सुधारली नको, बारीक झालीस नको, मग आम्ही म्हाताऱ्यांनी दारात म्हणायचं तरी काय?

"काहीच नका म्हणू ना, आज्जी. 'आलीस का' म्हणा."

वहिनींना मी हे तसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, एवढंच होय! पाडव्याला नात आली तेव्हा वहिनी दारातच उभ्या होत्या. तिला आपादमस्तक न्याहाळलं, तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "आलीस का? चल, श्रीखंडात वेलदोडा घालायचा राहिलाय, सोलून दे."

नात सोलायला बसली. सोलता सोलता तिने किती श्रीखंड चाटलं, ते मी मोजलं नाही.